कुपी फोडली ती कशाला?

नगरमधल्या एका ख्रिस्ती घरात झालेलं हे बोलणं. मामा निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत आणि चर्चमध्ये पेटी वाजवतात. भाची ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. हंगामात तिचे महिने कारखान्यांच्या तळांवर जातात. रविवारची उपासना आटोपून दोघं घरी आलेली आहेत.

भाची: मामा, आज पाळकसाहेबांचा उपदेश सुरू व्हायच्या आधी आपण किती वेळ नुसतं गात होतो? देव थोर, देव पवित्र, देव महान, आणि फिरून देव थोर. हे देवाला ठाऊक नाही का?

मामा: त्याला ठाऊक नाही असं कोण म्हणतंय?

भाची: मग हे चाललंय कुणासाठी? एखादा साहेब रोज सकाळी हाताखालच्या लोकांकडून स्तुती ऐकल्याशिवाय फाइल उघडत नसेल, तर त्याला आपण काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

मामा: सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकालाही हेच खटकलं होतं. स्तोत्रसंहितेवर त्याचं १९५८ सालचं पुस्तक आहे, त्यात त्यानं ते मोकळेपणानं लिहिलंय. जागोजागी देव आपलीच स्तुती करायला सांगतो, हे त्याला पचेना. मग त्याच्या लक्षात आलं की माणसाला काही मनापासून आवडलं की तो ते बोलून दाखवतोच. कुणी सांगावं लागत नाही. आणि बोलून दाखवल्याशिवाय तो आनंद पुरा होत नाही. स्तुतीची गरज देवाला नाही गं. सुंदर काही दिसलं की ती आपल्याच तोंडून बाहेर पडते.

भाची: दिसलं तर ना! आज मला काही दिसलं नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंना दिसलं असेल असंही त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. सवयीनं गात होतो आपण.

मामा: ते कबूल. निम्मे लोक सवयीनंच गातात. मीही पुष्कळदा बोटांच्या सवयीनं वाजवतो.

भाची: म्हणून म्हणते, त्यापेक्षा याचना बरी. त्यात निदान खरेपणा असतो. मुलाला नोकरी लागू दे, गुडघे दुखायचे थांबू देत. माणूस मनातलं बोलतो.

मामा: याचनेत गैर काहीच नाही. प्रभूनंच रोजची भाकर मागायला शिकवलंय. पण त्या प्रार्थनेचा क्रम बघ. आधी पित्याचं नाव पवित्र मानलं जावो, मग त्याचं राज्य येवो, त्याची इच्छा पूर्ण होवो, आणि भाकर येते चौथ्या विनंतीत. आपल्या प्रार्थनासभेत सुरुवातच भाकरीनं होते आणि शेवट व्हिसानं. उपकारस्तुतीसुद्धा आपण मिळालेल्याचीच करतो. आराधना निराळी. तिथे मागायचं नसतं, मिळालेलं मोजायचंही नसतं. तो आहे, आणि असा आहे, एवढ्यानंच थक्क व्हायचं.

भाची: थक्क होऊन पुढे काय?

मामा: बघ, तुमच्या पिढीचा हाच प्रश्न. पुढे काय?

भाची: पिढीवर ढकलू नका. आमोस संदेष्ट्यानं हाच प्रश्न केला आणि त्याला अडीच हजारांहून जास्त वर्षं झाली. देव त्याच्या तोंडून म्हणतो, तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे शास्त्रातच आहे ना? त्या काळीही वाद्यं उत्तम वाजत असणार.

मामा: आहे. आणि पेटीवर बसणाऱ्यानं तो अध्याय वरचेवर वाचावा हेही खरं. पण त्यानंतर थोड्याच वर्षांनी यशया आला. उज्जिया राजा मेला त्या वर्षी तो मंदिरात गेला. सिंहासन दिसलं, सहा पंखांचे सराफीम दिसले. दोन पंखांनी त्यांनी तोंड झाकलेलं, दोन पंखांनी पाय, आणि उरलेल्या दोनांनी ते उडताहेत. देवाच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांनाही त्याच्याकडे टक लावून बघवत नाही! ते एकमेकांना हाका मारून तीनदा पवित्र म्हणतात. उंबरठे हादरतात, घर धुरानं भरतं. यशयाला आधी काय वाटलं? आपले ओठ अशुद्ध आहेत. मग निखारा त्याच्या ओठांना लागला. आणि त्यानंतर आवाज आला की कुणाला पाठवू. मला पाठव, असं तो म्हणाला ते शेवटी. तुझं काम तिथे सुरू होतं. त्याच्या आधीचं सगळं गाळून तू थेट तिथे पोचायला बघतेस.

भाची: म्हणजे आराधना ही कामाची तयारी. असं असेल तर माझी हरकतच नाही. आठवडाभर राबायचं तर रविवारी कुठून तरी बळ आणावं लागतं.

मामा: नाही, तेही मला मान्य नाही. बळ मिळतं, मिळो. पण बळासाठी आराधना करायची म्हटलं की ती पुन्हा याचनाच झाली, फक्त जरा सभ्य. आराधनेला उपयोग विचारायचा नाही.

भाची: ज्याला उपयोग विचारायचा नाही, अशा गोष्टीची मला भीती वाटते मामा. तिच्या आड काहीही लपतं.

मामा: लपतं. म्हणून सोडून द्यायची का?

भाची: ईयोबाचं घ्या. दहा मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड. तो विचारतोय, का? आणि वावटळीतून उत्तर काय येतं, तर गारांची कोठारं पाहिलीस का, रानबकऱ्या कधी वितात माहीत आहे का, शहामृग कसा पळतो बघ. दुःखानं पोळलेल्या माणसापुढे सृष्टीचं प्रदर्शन! गेल्या हंगामात तळावर एका बाईचं तान्हं बाळ गेलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा फडात होती, कारण मुकादमाची उचल फिटली नव्हती. तिला जाऊन मी शहामृगाचं सांगू?

मामा: सांगू नकोस.

भाची: मग?

मामा: ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले. पुस्तकात त्यांनी बरोबर केलेली गोष्ट तेवढीच. तोंड उघडलं आणि चुकत गेले. ईयोबाला जे दिसलं ते त्याचं त्याला दिसलं. त्याला उत्तर मिळालंच नाही. ऐकलं होतं ते आता डोळ्यांनी पाहिलं, एवढंच तो म्हणाला आणि शांत झाला. ते दुसऱ्यानं दुसऱ्याला औषधासारखं द्यायचं नसतं. थक्क हो असा हुकूम आपण दुसऱ्याला देऊ लागलो, की तू म्हणतेस तसा जुलूम सुरू होतो.

भाची: हे तुम्ही चर्चमध्ये का सांगत नाही? तिथे तर दुःखातही स्तुती करा म्हणून मागेच लागतात.

मामा: मला उपदेशाला कोण उभं करतंय? मी पेटीवाला.

भाची: बरं, दुसरं विचारते. आश्चर्य तर कुणालाही वाटतं. सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहिलं की नास्तिकालाही वाटतं. यात ख्रिस्ती काय आहे?

मामा: हा प्रश्न चांगला आहे. रुडॉल्फ ओटो नावाचा जर्मन विद्वान १९११ साली मोरोक्कोतल्या एका सिनेगॉगमध्ये गेला होता. यशयाचं ते तीनदा पवित्र म्हणणं त्यानं तिथे हिब्रूत ऐकलं आणि तो हलून गेला. १९१७ साली त्यानं पवित्रतेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की धर्माच्या मुळाशी भय आणि ओढ एकदमच असतात. पुढे तो हिंदुस्थानात आला तेव्हा आपल्या घारापुरीच्या लेण्यातही गेला, आणि तिथल्या त्रिमुखी मूर्तीपुढेही तसाच भारावला.

भाची: म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं. घारापुरी काय, सिनेगॉग काय आणि आपलं चर्च काय, आश्चर्य सगळीकडे एकच.

मामा: सुरुवात एक असेल. आपल्याकडे ते वळण कुठे घेतं ते बघ. १२२३ सालच्या नाताळात असिसीचा फ्रान्सिस ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावी होता. त्यानं गव्हाण आणवली, तीत गवत भरलं, बैल आणि गाढव आणून उभं केलं आणि तिथे रात्रीची उपासना झाली. जमलेले लोक साधे, आसपासच्या गावांतले. फ्रान्सिसला त्यांना काय दाखवायचं होतं? सिंहासन नव्हे. ज्याच्यापुढे सराफीम तोंड झाकतात तो गवतावर पडलाय, थंडीत, जनावरांच्या उबेला. ख्रिस्ती माणूस थक्क होतो तो देव उंच आहे म्हणून कमी, आणि तो इतका खाली आला म्हणून जास्त. वधस्तंभावर टांगलेल्या माणसापुढे गुडघे टेकायचे, यात भव्य काय आहे? तिथे थक्क व्हायचं म्हणजे डोळ्यांची सगळी सवय मोडावी लागते.

भाची: हे मला पटतं. पण हे पटलं की मी लगेच तळावर पोचते. गव्हाण तिथेच आहे. कोपीत बाळंत झालेल्या बाया मी पाहिल्यात. दार म्हणजे एक फाटकी साडी, बाहेर बैल बांधलेले, आणि पहाटे तीनला उठून नवरा कोयता घेऊन निघालेला. मग मी आराधना इथे बाकावर बसून का करू?

मामा: तिथेही कर ना. पण एक विचारतो, राग मानू नकोस. तळावर गेलीस की तू काय बघतेस?

भाची: काय म्हणजे? किती मुलं आहेत, शाळेच्या वयाची किती, आधार कार्ड कुणाचं नाही, लसीकरण कुणाचं राहिलं. यादी करते.

मामा: यादी हवीच. पण माणूस यादीत जायच्या आधी त्याच्याकडे नुसतं बघणं होतं का?

भाची: वेळ कुठे असतो मामा? उसाचं वाढं विकून घरी आलेल्या बाईला मी किती मिनिटं नुसतं बघत बसू? तिला स्वयंपाक करायचाय, मला पुढच्या तळावर जायचंय.

मामा: मला तेच म्हणायचंय. जे काही समोर येईल त्याचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याला आधी पडतो. झाड दिसलं की लाकूड, नदी दिसली की धरण, माणूस दिसला की लाभार्थी. भक्तही देवाशी असाच वागतो, त्याला कामाला लावतो. आराधनेची घडी ही एकच अशी आहे की जिथे समोर जो आहे त्याचं काही करायचं नसतं. हे देवापुढे जमलं तर कदाचित माणसापुढेही जमेल.

भाची: कदाचित.

मामा: हो, कदाचित. हमी मी देत नाही.

भाची: मग बेथानीकडे येऊ या. तुम्ही तिथे येणार हे मला मघापासून ठाऊक आहे. शिमोनाचं घर, जेवायची पंगत, एक बाई येते, अलाबास्त्राची कुपी फोडते आणि सगळं तेल प्रभूच्या डोक्यावर ओतते. जटामांसीचं तेल. ही वनस्पती आपल्या हिमालयातली. तिथून पालेस्टाइनपर्यंत माल पोचायचा म्हणजे किंमत किती असेल! मार्कानं आकडा दिलाय, तीनशे दीनारांहून जास्त. दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोजगार. वर्षाची कमाई एका बैठकीत जमिनीवर. तिथे जे चिडले ते म्हणाले, हे विकून गरिबांना देता आलं असतं. मामा, खरं सांगते, मी तिथे असते तर मीही हेच म्हटलं असतं. तीनशे दिवसांची मजुरी म्हणजे माझ्या तळावरच्या एका घराची उचल फिटली असती.

मामा: मीही कदाचित म्हटलं असतं. शिक्षकाच्या पगारात चार लेकरं वाढवल्यावर माणूस दीनार मोजतोच.

भाची: मग प्रभू तिची बाजू का घेतो? गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील, हे वाक्य आजवर किती जणांनी कानावर हात ठेवायला वापरलंय.

मामा: कारण ते अर्धंच वापरतात. मार्कात पुढे लगेच आहे की तुम्हाला वाटेल तेव्हा त्यांचं भलं करता येईल. आणि हे बोल मुळात जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले आहेत, पंधराव्या अध्यायातले. तिथे देशात गरीब असणारच असं सांगून झाल्यावर आज्ञा आहे, म्हणून तू आपला हात मोकळा ठेव. पंगतीतल्या यहुद्यांना ते पाठ असणार. म्हणजे प्रभूनं गरिबांचं देणं रद्द केलं नाही. त्याला दोनच दिवसांत मरायचं होतं आणि त्या खोलीत हे कळलेली ती एकटी होती. बाकीचे हिशेब करत होते.

भाची: आणि कुपी फोडली कशाला? बूच काढून थोडं ओतता आलं असतं.

मामा: थोडं ओतलं असतं तर उरलेलं परत नेता आलं असतं.

भाची: हं. हे मात्र... ठीक आहे. त्या बाईचं मला कळतं. तिनं स्वतःचं ओतलं, आणि तेही ज्याला मारायला निघाले होते त्याच्यावर. पण आपली मंडळी आराधना करते तेव्हा कुठली कुपी फोडते? करिंथच्या मंडळीला पौल किती बोललाय बघा. प्रभुभोजनाला जमायचे, श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे आणि मजूर उशिरा येऊन उपाशी राहायचे. तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजनच नव्हे, असं तो त्यांना सांगतो. आपल्या जिल्ह्यात मंडळ्या उभ्या राहिल्या त्या बहुतेक महार आणि मांग समाजातून. आजी-पणज्या देवळाच्या बाहेर उभ्या राहिलेल्या. त्या इथे आत येऊन बाकावर बसल्या, त्यांच्या हातात पुस्तक आलं. त्यांच्या लेखी आश्चर्य ते होतं! आणि तरी आत आल्यावर ह्या जातीचे ह्या बाजूला, त्या जातीचे त्या बाजूला हे सुरू झालंच. लग्न जुळवताना अजून आहे.

मामा: आहे. नाही कसं म्हणू?

भाची: म्हणून माझी कसोटी साधी आहे. पवित्र, पवित्र म्हणताना शेजारी कोण बसलाय, ते मी बघते. तो सरकून बसला असेल तर तुमचे सराफीम मला ऐकू येत नाहीत.

मामा: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तू वाचलंयस. नवऱ्यानं, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सोवळ्यातल्या ब्राह्मण बाई होत्या, कुणाच्या हातचं पाणी घेत नव्हत्या. ते सोवळं त्यांच्या मनातून कसं गेलं ते त्यांनीच सांगितलंय. वाद घालून गेलं नाही.

भाची: पण गेलं. आणि नारायणरावांनीही नुसती भजनं केली नाहीत.

मामा: भजनं तर केलीच, शेकड्यांनी. मी वाजवतो त्यांतली निम्मी त्यांचीच. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. त्यांना आराधनेचा सूर मिशनच्या शाळेत मिळाला नव्हता, तो वारकऱ्यांच्या अंगणातला होता. त्याच्याही कितीतरी आधी गोव्यात थॉमस स्टीफन्सनं हेच ओळखलं. नव्या ख्रिस्ती लोकांना धर्माची प्रश्नोत्तरं पाठ होती, पण पोथी ऐकण्यातली गोडी त्यांना हवी होती. म्हणून त्यानं मराठीत ओव्या रचल्या. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झालं. नुसतं शिकवल्यानं माणसाचं पोट भरत नाही, त्याला देवापुढे रमावंसंही वाटतं.

भाची: मग माझ्या बाजूला मी पंडिता रमाबाई घेते. दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावला शेती, विणकाम, छापखाना सगळं उभं केलं. स्तुती करत बसल्या असत्या तर त्या मुली जगल्या नसत्या.

मामा: रमाबाई तुला एकटीला मिळणार नाहीत. १९०५ साली त्याच केडगावात मुली रात्र रात्र प्रार्थनेत असायच्या. रडत, गात, मोठमोठ्यानं. बघायला आलेले पाहुणे गांगरून जायचे. रमाबाईंनी ते थांबवलं नाही. आणि त्याच बाईनं हिब्रू, ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. मुलींनी ते छापलं. आता यात आराधना कुठे संपली आणि काम कुठे सुरू झालं ते मला दाखव.

भाची: नाही दाखवता येत. पण रमाबाईंच्या दारात आधी दुष्काळातल्या मुली होत्या. प्रार्थनेचा तो गजर नंतरचा. क्रम मीही बघते मामा.

मामा: बघ. यशयाचा क्रम वेगळा, केडगावचा वेगळा. मी एवढंच म्हणतो की दोन्हीपैकी एकाला दुसऱ्याचा नोकर करू नकोस. आराधना कामासाठी नाही, आणि गरीब माणूस आपल्या आराधनेचा विषय व्हावा म्हणूनही नाही.

भाची: हे शेवटचं फार बरं बोललात. तळावर फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना ऐकवायला हवं.

मामा: सेवेचा अहवाल छापणाऱ्यांनाही.

भाची: आमचाही अहवाल छापतो आम्ही, बरं का. असो. मग एक ठरवू. हंगाम सुरू झाला की माझ्याबरोबर एकदा तळावर या.

मामा: येईन की. पेटी घेऊ?

भाची: पेटी नको. मुलांना गाणं शिकवायचं नाही, वचन सांगायचं नाही, खाऊ वाटायचा नाही. दुपारी लोक फडातून परततात तेव्हा नुसतं बसायचं त्यांच्यात.

मामा: मग मी तिथे करू काय?

भाची: काही नाही. समोर जो आहे त्याचं काही करायचं नाही असं तुम्हीच मघाशी म्हणालात ना? तुम्हाला तिथे ते किती वेळ जमतं ते मला बघायचंय.

मामा: अडकवलंस. बरं, आणि तू?

भाची: मी येत्या रविवारी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत बसेन, घड्याळ न बघता. पण प्रभुभोजनाच्या वेळी कोण कुणाशेजारी बसतंय, तिकडे माझं लक्ष राहणार. ते सोडायला सांगू नका.

मामा: सोडू नकोस. आणि एखाद्या बाकावर शेजारी कुणी नसलं, तर तू तिथे जाऊन बस.